गॅसबत्ती: चांदा-गडचिरोलीच्या रात्रीवर हक्क कोणाचा?

१/ जुन्या पितळी गॅसबत्तीला पुन्हा दिवस आले आहेत. आजोळच्या माळ्यावरून किंवा भंगाराच्या दुकानातून ती बाहेर निघते, चिंचेने घासून लख्ख होते आणि तंबू, गळ व जाळ्यासोबत चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या तलावाकाठी जाऊन बसते. जुन्या काळची रात्र अनुभवण्याची ही ओढ समजण्याजोगी आहे. मात्र या बत्तीचा या प्रदेशातील इतिहास पाहिला, तर तिची जागा जंगलातल्या पाण्याकाठी नाही, असे म्हणावे लागते. हा धागा त्या इतिहासाचा आणि त्यातून निघणाऱ्या एका आग्रहाचा.

२/ आधी शब्द नीट लावून घेऊ. कंदील वेगळा, गॅसबत्ती वेगळी. कंदिलात वात असते. ती तेल शोषते आणि पिवळ्या ज्योतीने जळते. कराडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला, तो या जातीचा. गॅसबत्तीत प्रकाश देणारी वात नसते. तिला ‘पेट्रोमॅक्स’ही म्हणतात. हे एका जर्मन कंपनीच्या दिव्याचे नाव. पण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे, तसे ते सगळ्याच बत्त्यांना चिकटले.

३/ तिचे तंत्र असे. खालच्या टाकीत रॉकेल भरतात आणि पंप मारून वर हवेचा दाब निर्माण करतात. दाबामुळे तेल नळीतून वर चढते. ही नळी आधी स्पिरिटच्या ज्योतीने तापवलेली असते, म्हणून तेलाची वाफ होते. वाफ बारीक छिद्रातून वेगाने सुटते, हवेत मिसळते आणि जाळीच्या पिशवीत पेट घेते. ‘सूं’ असा अखंड आवाज येतो तो या सुटणाऱ्या वाफेचा. एकदा पेटली की बत्तीची स्वतःचीच उष्णता पुढच्या तेलाची वाफ करीत राहते.

४/ डोळे दिपवणारा पांढरा उजेड ज्योतीचा नसतो, तापलेल्या जाळीचा असतो. ही जाळी ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांची देणगी. त्यांचे पहिले पेटंट १८८५ चे; १८९१ मध्ये त्यांनी सुमारे ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण पक्के केले. स्वीडनमधील प्राइमस स्टोव्हने १८९२ च्या सुमारास दाबाखालच्या रॉकेलची वाफ करून जाळण्याची युक्ती रूढ केली. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांनी १९१० च्या आसपास या दोन्हींचा मेळ घालणारा दिवा बाजारात आणला. पेट्रोलियममधला ‘पेट्रो’ आणि माक्सचा ‘मॅक्स’ मिळून त्याचे नाव झाले.

५/ या जर्मन दिव्याच्या कथेत भारताची वाळूही आहे. थोरियम मोनाझाइट नावाच्या खनिजातून मिळते. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट असल्याचे आढळले. त्या काळी या वाळूला किंमत आली ती बत्तीच्या जाळीपायी. अणुशक्तीच्या संदर्भात थोरियमची चर्चा पुढे कित्येक वर्षांनी सुरू झाली. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन केली, तेव्हा हीच वाळू राष्ट्रीय संपत्ती ठरली होती.

६/ आता चांद्याकडे. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता आणि चंद्रपूरचे जुने नाव चांदा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या झाडीच्या मुलखात रात्रीचा उजेड फार तुटपुंजा असे: चुलीतला विस्तव, बांबूच्या काटक्यांची चूड, टेंभा आणि मोहाच्या बियांच्या तेलाचा दिवा. हा उजेड घरापुरता, वाटेपुरता. एकाच वेळी शेकडो माणसांना परस्परांचे चेहरे दिसावेत एवढा प्रकाश मोठी आग केल्याखेरीज मिळत नसे.

७/ रॉकेलचे डबे आले आणि हे बदलू लागले. रॉकेलला वाट हवी होती. ती मुख्यतः रेल्वेने दिली. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गाने झाडीचा मुलूख बाजारपेठेशी जोडला. याच मार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वेस्थानक राहिले. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे माहेरघरही वडसाच आहे. जिथे माल, माणसे आणि निरोप सहज पोहोचतात, तिथे रंगभूमीचे ठाणे वसावे, यात नवल ते काय?

८/ भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की गावोगावी मंडई भरते. धानाची कापणी-मळणी होऊन घरात दाणे आलेले असतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. रात्री दंडार आणि नाटक. पाहुणे दूरदूरच्या गावांहून येतात, सोयरिकी जुळतात. होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामात नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत रंगते.

९/ विजेआधीच्या काळात या रात्रीचा आधार गॅसबत्ती होती. टेंभ्यांच्या धुरकट, हलत्या उजेडाची जागा तिने घेतली. तिचे प्रसिद्ध प्रतिमान ‘५०० कँडलपॉवर’ म्हणून विकले जाई. त्याच्या टाकीत सुमारे एक लिटर रॉकेल मावे आणि ते साधारण आठ तास पुरे. या आकड्यांकडे नाटकाच्या अंगाने पाहावे. पडदा उघडल्यापासून तांबडे फुटेपर्यंतचा वेळ एका भरणीत निघत असे. बर्लिनच्या कारखान्यात झाडीपट्टीच्या नाटकाचा विचार कोणी केला नसेल. तरीही हा दिवा या रंगभूमीच्या मापाचा निघाला.

१०/ तेल पुरले तरी दाब टिकत नाही. उजेड पिवळा पडू लागला की कोणीतरी उठून पंप मारावा लागे. तेलाच्या कचऱ्याने छिद्र बुजले तर पिन फिरवावी लागे. राजा दरबारात बसलेला असताना बत्तीवाला खुशाल रंगमंचावर येई, काम करी आणि निघून जाई. प्रेक्षकांना त्याचे काहीच वाटत नसे. बत्तीच्या सूंकाराच्या वर आवाज चढवावा लागे, उजेडाच्या कक्षेत येऊनच भाव दाखवावे लागत. झाडीपट्टीच्या खड्या गायकीमागे आणि ठसठशीत अभिनयामागे अनेक कारणे आहेत. त्यांत दिव्याचा हिशेबही धरायला हवा.

११/ या रंगभूमीला उशिरा का होईना, राष्ट्रीय मान मिळाला. कुरखेडा परिसरातील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नाटककार, नट, गायक यांची नावे आता नोंदली जात आहेत, ही आनंदाची गोष्ट. बत्तीवाल्याचे नाव मात्र कुठेच नाही. रात्रभर जागून ज्याने उजेड सांभाळला, तो हस्तपत्रिकेवर कधी आलाच नाही.

१२/ हीच गोष्ट लग्नाच्या वरातीची. महाराष्ट्रभर वरातीत डोक्यावर चुंबळ ठेवून, तिच्यावर पेटती गॅसबत्ती तोलत मजूर चालत. त्यांत स्त्रियाही असत. उजेड नवरदेवावर पडे. वाहणाऱ्याच्या वाट्याला डोक्यावरची धग, तेलाचा वास आणि रोजंदारी येई. ‘गॅसबत्तीच्या सोनेरी आठवणी’ सांगताना हा माणूस चौकटीबाहेर राहतो. जो इतिहास उजेड पाहणाऱ्याचा असतो आणि वाहणाऱ्याचा नसतो, तो अर्धाच असतो.

१३/ याच प्रदेशातील दुसरे उदाहरण भामरागडचे. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील पहिली अनेक वर्षे विजेशिवाय रुग्णसेवा केली. त्या रात्री तेलाच्या दिव्यावर निघाल्या. नाटकाचा मांडव असो की दवाखान्याची खाट, माणसे ज्याच्याभोवती गोळा झाली असा हा उजेड.

१४/ मग वीज आली, पण सर्वत्र एकदम नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. येथील कोळशावर राज्याची शहरे उजळली आणि शेजारच्या जंगलातील पाडे मात्र पुढेही वर्षानुवर्षे रॉकेलवर रात्री काढत राहिले. म्हणून येथे गॅसबत्ती हा केवळ ‘जुना काळ’ नाही. अनेक कुटुंबांसाठी ती पुरेशी वीज नसल्याची अगदी अलीकडची खूण आहे.

१५/ बत्तीचा दुसरा इतिहास शिकारीचा आहे. प्रखर उजेडात जनावर क्षणभर थिजते, त्याचे डोळे चमकतात आणि नेम धरणे सोपे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आणि झोतदिवे आले, तेव्हा हा प्रकार देशभर फोफावला. ताडोब्यात शिकारीला १९३५ मध्येच बंदी झाली आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्याच्या शिकारीतही कृत्रिम दिवे वापरण्यास, अपवाद सोडता, मनाई केली. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचा मार्गच बंद झाला. आंधळ्या केलेल्या जनावराला मारणे हा न्याय नव्हे, हे कायद्याने फार पूर्वी मान्य केले.

१६/ दिव्यावरच्या मासेमारीचे तत्त्वही दूरचे नाही. पाण्यावर उजेड पडला की कीटक आणि सूक्ष्म जीव तेथे जमतात, त्यांच्यामागे झिंगे व लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. उथळ पाण्यात तर मासा नुसता दिसला तरी पुरे. पावसाळ्याच्या आरंभी अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे, ओढ्यांकडे, बांध्यांकडे चढतात. त्या रात्री बत्ती घेऊन उतरलेल्या माणसाच्या हाती लागतो तो गाभोळी भरलेला मासा. एका रात्रीची चैन पुढच्या हंगामाचे बियाणे खाते.

१७/ आणि ज्या तलावाकाठी तंबू पडतो, तो तलाव बेवारस नसतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागांत विखुरलेले शेकडो माजी मालगुजारी तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या हातांनी आणि अकलेने उभे राहिले. हा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. तेथील १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पण त्यांतला मासा पिढ्यान्‌पिढ्या ढिवर, केवट, भोई यांनी धरला. आज अनेक तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. बाहेरच्याची ‘नुसती गंमत’ त्यांच्या हिशेबात थेट वजावट असते.

१८/ हे भांडण मोठ्या रूपात कोकणाने पाहिले आहे. एलईडी दिव्यांचे झोत समुद्रात सोडून मासळी गोळा करणाऱ्या यांत्रिक नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर आले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. समुद्र आणि तलाव यांत फरक आहे, एलईडीचा झोत आणि गॅसबत्ती यांतही आहे. प्रश्न मात्र एकच: ज्याच्याकडे जास्त उजेड आहे, त्याने सामायिक पाण्यातून जास्त घ्यावे काय?

१९/ यावर पहिला आक्षेप असा येईल की, एका बत्तीने काय बिघडते? एका बत्तीने फारसे बिघडत नाही, हे मान्य. पण हौस एकट्याने येत नाही. एका छायाचित्रामागून दहा तंबू येतात आणि तलाव तोच राहतो. शिवाय राखीव जंगलात नियम मोडून मासे धरणे किंवा विस्तव पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात जंगलाचा तळ वाळल्या पानांनी झाकलेला असतो. तापलेली बत्ती तेथे कलंडली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

२०/ दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: उजेड असला की जनावर दूर राहते. ब्रह्मपुरीच्या परिसरात व्याघ्रप्रकल्पाबाहेरही वाघांचा वावर आहे, म्हणून हा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा. पण पांढऱ्याफटक बत्तीजवळ बसलेल्या माणसाला वर्तुळाबाहेरचे काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि बत्तीकडे टाकलेली एक नजर ती सवय मोडते. वर तिच्या आवाजात पानांची सळसळ बुडते. जंगलाला तो माणूस स्पष्ट दिसतो. त्याला जंगल दिसत नाही.

२१/ तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: गावकरीही दिवा घेऊन मासे धरत आलेच ना? आलेच. पण पोटासाठी धरणारा, तलावाचे पाणी आणि माशांचा हंगाम ओळखणारा, उद्याही तेथेच राहणारा माणूस आणि शनिवारी येऊन रविवारी जाणारा पाहुणा यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पाणवठ्यांतील मासे हा सामूहिक हक्कांचा भाग मानला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील आरंभीच्या अशा गावांपैकी ते एक. जेथे हक्क ग्रामसभेचा, तेथे परवानगीही तिचीच हवी. ग्रामसभेने स्वतःच्या पाण्यावर काय बंधन घालावे, हे तिने ठरवावे.

२२/ हौशी मंडळींसाठी दोन व्यावहारिक इशारे. बत्ती तंबूच्या आत कधीही पेटवू नये. बंद जागेत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्याला तो कळत नाही. दुसरे, जुन्या जाळ्यांत थोरियम असते आणि ते किरणोत्सारी आहे. जवळ बसण्याने धोका नगण्य असला, तरी फुटलेल्या जाळीची भुकटी श्वासावाटे किंवा अन्नातून पोटात जाऊ देऊ नये. जाळी बदलताना फुंकर मारण्याची जुनी सवय म्हणूनच सोडायला हवी.

२३/ अंधार म्हणजे मागासलेपण, ही समजूतही आता तपासायला हवी. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे काळोख जपला जातो, आकाशगंगा पाहायला लोक येतात. गावाला वीज हवीच. ती नाकारणे अन्याय ठरेल. जंगलाला मात्र काळोख हवा. वाघ, अस्वल, घुबड, काजवे यांचे सारे व्यवहार त्याच्या भरवशावर चालतात. रात्रीच्या रानात जायचेच, तर परवानगी असलेल्या ठिकाणी, जाणत्या माणसासोबत आणि मंद लाल उजेडात जावे.

२४/ मग माळ्यावरून उतरलेल्या बत्तीचे करायचे काय? तिला गावात पेटवावे. ती दुरुस्त करणारे, पंपाचे कातडी वायसर बदलणारे, पिन बसवणारे वृद्ध कारागीर अजून काही गावांत भेटतील. त्यांच्याकडून ते शिकून घ्यावे, चित्रित करावे. झाडीपट्टीच्या एखाद्या मंडळाला विनंती करून नाटकाचा एक प्रवेश, फक्त एकच, गॅसबत्तीवर करून पाहावा. बत्तीवाल्यांची आणि वरातीत बत्ती वाहणाऱ्यांची आठवण त्यांच्याच शब्दांत नोंदवावी. ही साधने आज हाताशी आहेत. आणखी पंधरा-वीस वर्षांनी ती माणसे नसतील.

२५/ थोडक्यात, गॅसबत्तीने चांदा-गडचिरोलीत दोन प्रकारचा उजेड दिला. एकाने माणसे जवळ आणली: मांडवात, मंडईत, वरातीत. दुसऱ्याने जनावर आणि मासा उघड्यावर पाडला. इतिहासाची आवड असणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवावेत. पण हातात काडी घेऊन पुन्हा पेटवायचा तो पहिलाच. तलावाकाठची रात्र तिच्या काळोखावर आणि ढिवरांच्या जाळ्यांवर सोडावी.

(धागा समाप्त)